साडेपस्तीसचा अणू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आले ते फक्त आमचे रसायनशास्त्राचे सर. स्नेहसंमेलनं, सामने, सहली यांबद्दल इतर मित्र लिहितीलच.

नववीत सरांनी फळ्यावर क्लोरीनचं अणुवस्तुमान लिहिलं, ३५.५. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अर्धा प्रोटॉन असतो का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. चौघांना पुढे बोलावून तिघांच्या हाती त्यांनी ३५ लिहिलेले कागद दिले, चौथा म्हणजे मी, माझ्या हाती ३७. "करा बेरीज, भागा चारने." १४२ भागिले ४, साडेपस्तीस! "यांच्यात साडेपस्तीसचा कुणी आहे? नाही. पण सरासरी तीच."

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचा, पत्ता नव्हता तेव्हाही हा आकडा तराजूवरच मिळाला होता, हे सरांनी त्याच दिवशी सांगितलं. तोलून घेतलेल्या चांदीचं सिल्व्हर क्लोराइड करायचं, साका धुऊन, वाळवून पुन्हा तोलायचा. वाढलेलं वजन क्लोरीनचं. अशाच काटेकोर तोलामापासाठी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड्स यांना १९१४ चं नोबेल मिळालं. पुढे १९१९ मध्ये केंब्रिजला ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅस्टन यांनी विद्युतभारित अणू विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून नेले. हलके जास्त वळले, जड कमी, आणि ३५ व ३७ च्या रेषा फोटोच्या काचेवर वेगळ्या उमटल्या.

आज माझं सगळं काम मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणूंची वस्तुमानं मोजणाऱ्या यंत्रावर चालतं. क्लोरीनची दोन शिखरं पडद्यावर दिसली की सरांचे तीन आणि एक कागदच आठवतात. नेमकं प्रमाण ७५.७६ आणि २४.२४ टक्के. कार्बन-१२ या अणूचं वस्तुमान बरोबर १२ धरलं, तर या दोघांची वस्तुमानं ३४.९६९ आणि ३६.९६६. ज्याचा त्याचा वाटा धरून सरासरी काढली की ३५.४५ येतात. हल्ली मुलं हा आकडा तक्त्यातून उचलतात. तो आला कुठून, हे विचारायला तासिकेत वेळच उरत नाही, याचं फार वाईट वाटतं.

जुनी प्रयोगशाळा पाडली, हे कळलं. नवीला सरांचं नाव द्यावं आणि काचेच्या पेटीतला तो तराजू तिथे मुलांच्या हाताला येईल असा ठेवावा, ही संस्थेला विनंती. खर्चातला माझा वाटा मी आनंदाने देईन.