चढत नाही, तिथंच खरी मेख

‘चार पेग झाले तरी चढत नाही’ हे कौतुकानं सांगितलं जातं. खरं तर ती धोक्याची खूण. अमेरिकेत सॅन दिएगोत मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांना मोजून दारू दिली. बऱ्याच जणांना ती कमी चढली, आणि पुढे व्यसन जास्त लागलं ते अशांनाच. मेंदू ‘बास’ म्हणतच नाही, म्हणून ग्लास भरत राहतो.

जपानात उलटं. यकृतात दारूचं आधी विषारी अॅसिटाल्डिहाइड होतं, मग एएलडीएच२ हे विकर (एन्झाइम) त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट करतं. तिथं अनेकांत हे विकर जन्मतःच लुळं: अर्ध्या ग्लास बिअरवर चेहरा लालबुंद, धडधड, मळमळ. (दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी हेच विकर अडवते.) या विकराच्या जनुकाच्या, आई-वडिलांकडून एकेक आलेल्या, दोन्ही प्रती सदोष असतील तर व्यसन जवळजवळ अशक्यच.

एकच सदोष असेल तर? जपानी व्यसनी रुग्णांत असे लोक १९७९ मध्ये २.५ टक्के होते, १९९२ मध्ये १३. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत, पिण्याचे रिवाज बदलतात. जुळ्यांच्या अभ्यासांतही आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्माच निघतो. आणि चेहरा लाल होऊनही रेटून पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी जास्त.