वीस जुलैचा देठ

२० जुलैला सकाळी साडेसहाला मालकीणबाईंनी माझ्या हातात चाकू दिला आणि म्हणाल्या, "द्राक्षबागेत वाढलास ना? मग तूच सांग, कोणतं ठेवायचं." एका वेलीवर दोन भोपळे होते. त्यातला एक त्या सकाळी काढायचा होता. मी एक कापला. वर्ष होत आलं, तरी तो देठ माझ्या डोक्यातून जात नाही.

मी दिंडोरी तालुक्यातला. सध्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, अन्नापोलिस खोऱ्यात एका भाजीपाल्याच्या फार्मवर कामाला आहे. इथून जवळच विंडसर नावाचं गाव आहे. तिथल्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं निवड करून 'अटलांटिक जायंट' हा वाण तयार केला. १९७९ ते १९८२ अशी लागोपाठ चार वर्षं सगळ्यात मोठा भोपळा त्यांचा होता, आणि त्यातला १९८१चा जेमतेम २२४ किलोंचा. २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या दोन जुळ्या भावांनी १,२७८ किलोंचा पिकवला. वाण तोच, डिल यांच्या बियांचा वंश. आपल्याकडचं डांगर वेगळ्या जातीचं, मोश्चाटा. हा मॅक्झिमा.

लोक बघायला येतात आणि हमखास विचारतात, वेलीला दूध पाजता का, इंजेक्शन देता का. मला याचा फार राग येतो. यात दूध नाही आणि इंजेक्शनही नाही. बी आहे, माती आहे आणि रोजची छाटणी आहे.

छाटणी म्हणजे काय ते सांगतो, कारण मला अभिमान आहे तो याच कामाचा. मुख्य वेल सरळ एका रेषेत न्यायची. तिच्या प्रत्येक पेरातून दोन्ही अंगांना फूट निघते. ती काटकोनात वळवायची, म्हणजे वरून पाहिलं तर माशाच्या काट्यासारखा सांगाडा दिसतो. त्या फुटींना पुन्हा बगलफुटी येतात, त्या बोटभर व्हायच्या आत खुडायच्या. एक जरी राहिली तरी आठवड्यात पानांखाली जंगल होतं आणि मग हात घालायला जागा राहत नाही. तणावे काढायचे, नाहीतर ते शेजारच्या पानांचे देठ आवळतात. प्रत्येक पेर ओल्या मातीनं झाकायचं, म्हणजे तिथं मूळ धरतं आणि वेल जागोजागी जेवायला लागते. बाजूच्या फुटी अकरा-बारा फुटांवर गेल्या की शेंडा मारून टोक मातीत पुरायचं. एका वेलीला सातशे चौरस फूट जागा दिली होती. गावाकडे ऑक्टोबर छाटणीनंतर वांझ फूट काढताना आप्पा म्हणायचे, "वेलीला काय ठेवायचं ते आपण ठरवायचं, वेलीनं नाही." इथं आल्यावर ते वाक्य पहिल्याच आठवड्यात कामाला आलं.

मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्यावर कापड बांधायचं, कारण पहाटे मधमाशी आपल्या आधी पोचते आणि मग बाप कोण ते कळत नाही. पहाटे नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलाच्या आतल्या प्रत्येक पाळीवर फिरवायचा. पहिलं फळ मुळापासून दहा फुटांवर, ४ जुलैला धरलं. दुसरं चौदा फुटांवर, ९ जुलैला. पहिलं बिघडलं तर हाताशी असावं म्हणून दुसरं. पण ठरावीक दिवसांनी एकच ठेवायचं, दोघांना वेल पुरत नाही.

२० तारखेला पहिल्याचा घेर ४२ इंच होता, दुसऱ्याचा २६. बघणारा कुणीही पहिलंच ठेवा म्हणाला असता. पण पहिल्याचा देठ वेलीशी फार कमी कोन करून निघाला होता, फळ जवळजवळ वेलीला चिकटून वाढत होतं. भोपळ्याचा खांदा फुगला की तो वेलीला रेटतो. मग एकतर देठ तडकतो, नाहीतर वेल मुळांसकट उचकटते. दुसऱ्याचा देठ बरोबर काटकोनात होता, वाटोळा आणि जाड.

आणि माझ्याकडे वही होती. रोज संध्याकाळी मी दोन्हीचे घेर लिहीत होतो. वयाला वय लावून पाहिलं तर अकराव्या दिवशी पहिलं २३ इंच होतं आणि दुसरं २६. मी बाईंना तेच दाखवलं. म्हणालो, देठही याचा चांगला आणि वाढही याची जास्त. त्या बराच वेळ पहिल्या फळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काप." मी कापलं. चाकू फिरला तसा देठातून रस ठिबकायला लागला आणि बराच वेळ ठिबकत राहिला.

दुसऱ्यानं नाव काढलं. ऑगस्टमध्ये एका रात्रीत पंधरा-सोळा किलो वाढायचं. खाली वाळू, वर सावलीचं कापड. तीन टेप लावायच्या, एक घेराची, एक आडवी जमिनीपासून जमिनीपर्यंत, एक देठाकडून फुलाच्या टोकाकडे. बेरीज करून तक्त्यात वजन बघायचं. २४ ऑगस्टला तक्ता ३६० किलो सांगत होता. त्या रात्री बारा दिवसांच्या कोरडीनंतर धो धो पाऊस झाला. सकाळी गेलो तर फुलाच्या टोकाला वीतभर चीर, कडांना फेस. मी बोटं घातली, ती थेट आतल्या पोकळीत गेली. पोकळीपर्यंत चीर गेली की वजनाच्या स्पर्धेतून फळ बाद. नियम सरळ आहे आणि तो योग्यही आहे. ४७ दिवसांचं फळ होतं. आणखी महिनाभर वाढलं असतं.

बाई मला काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलानं मात्र जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर विचारलं, "मोठं होतं ते कापलं कुणी?"

त्याचं उत्तर मी तिथं दिलं नाही, इथं देतो. कापलं मी. पण पहिल्या फळाचा देठ सरळ करता आला असता. फळ लहान असताना रोज दुपारी, ऊन लागून वेल जरा सैल पडते तेव्हा, इंच-दीड इंच सरकवायचं. सकाळी नाही, सकाळी वेल पाण्यानं ताठ असते, देठ मोडतो. आजूबाजूच्या एक-दोन पेरांची मुळं सोडवून वेलीलाही मागं वळवायचं. आठ दिवसांत कोन सुधारतो. मला हे येत होतं. पण ७ जुलैपासून दहा दिवस याच मुलानं मला रोज दुपारी स्ट्रॉबेरी तोडायला पाठवलं, कारण स्ट्रॉबेरी विकली जाते आणि भोपळा म्हणजे त्याच्या मते आईचा छंद. मी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, ही चूक माझी.

आणि वहीतली तुलनाही मला आता पटत नाही. १० ते १४ जुलै फंडीच्या उपसागरावरून येणारं धुकं हटलंच नव्हतं. पहिल्याचे सहा ते दहा हे दिवस त्या गारठ्यात गेले. दुसऱ्याचे तेच दिवस लख्ख उन्हात. वयाला वय लावलं, पण हवामानाला हवामान लावायचं राहिलं. त्यात ऑगस्टच्या मध्यावर सगळ्या फुटींचे शेंडे मीच मारले होते. पावसाचं पाणी आलं तेव्हा वेलीत वाढतं टोक एकही नव्हतं. सगळा जोर फळावरच गेला असेल का? दोन-चार शेंडे ठेवायला हवे होते, असं मला आता वाटतं.

फळ तडकलं त्या संध्याकाळी आप्पांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी विचारलं, "फळामागं पानं किती होती?" आमच्याकडे एका घडामागं पंधरा-सोळा पानं असल्याशिवाय आप्पा घड ठेवत नाहीत. मी रोज घेर मोजला होता, पण पानं एकदाही मोजली नव्हती.

वेल अजून हिरवी होती. बॅटरी घेऊन गेलो, बुंध्यापासून सुरुवात केली, दर दहा पानांना खडूची खूण. कापलेल्या देठाच्या खुंटापर्यंत ११८ पानं भरली. तडकलेल्या फळापर्यंत १६५. दोन्ही आकडे वहीत २० जुलैच्या ओळीशेजारी लिहिले.