पिन सरळ केली, पण संशय वाकडाच राहिला

तिसऱ्या टेकला बुवांचा सूर लागला, पखवाजवाल्यानं मान डोलावली आणि माझी स्क्रीन निळी झाली. टाळकऱ्याला कळलं नाही, तो आणखी दोन-तीन आवर्तनं वाजवत राहिला. शेजारच्या गावचं भजनी मंडळ, सात माणसं, छोट्या हत्तीत बसून आलेली. बुवा काचेतून बघत म्हणाले, "काय झालं ओ?"

"काय नाही बुवा, होतोय चालू."

"सकाळपासनं तिसऱ्यांदा होतोय न्हवं चालू. दृष्ट काढा त्याची."

मिरजेत घराच्या वरच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे भिंतीला टेकवलेल्या गाद्या, दोन माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि २०१९ साली मी स्वतःच्या हातानं जोडलेला पीसी. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम. भजनं, शाळेची स्वागतगीतं, सतारमेकर गल्लीतल्या नव्या तंबोऱ्याचा आवाज गिऱ्हाइकाला पाठवण्यापुरता रेकॉर्ड करून देणं, एवढा संसार त्यावर चालायचा. पण प्लगइनं वाढली, सॅम्पल लायब्रऱ्या फुगल्या आणि प्रोजेक्ट उघडायला चहा होऊन जायचा. म्हणून रायझन ७ ५७००एक्स हा नवा प्रोसेसर घेतला आणि रॅमच्या आणखी दोन कांड्या, म्हणजे एकूण ३२ जीबी. एएम४ सॉकेटची, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेची, ही गंमत आहे, २०१८ सालच्या बोर्डावर २०२२ सालचा प्रोसेसर बसतो. फक्त जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्यायचं. ते मी इन्व्हर्टरवर, पंखा बंद करून, हात जोडून केलं. मध्ये लाइट गेली असती तर बोर्डाला नमस्कारच.

आता खरी भानगड. ती मी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

नवा प्रोसेसर डबीतून काढताना बोटांतून सटकला आणि टेबलावर उलटा आपटला. एएम४ च्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, केसांपेक्षा थोड्याच जाड. कोपऱ्यातल्या दोन आडव्या झाल्या होत्या. त्या क्षणी पोटात जे झालं ते लिहिता येत नाही. मग लेकीची क्लिकची पेन्सिल आणली, शिसं काढून टाकलं, तिच्या पोकळ टोकात एकेक पिन घातली आणि श्वास रोखून उभी केली. झटका द्यायचा नाही, थोडं वाकवायचं, थांबायचं, तिरकस उजेडात रांग बघायची. वीसेक मिनिटं लागली असतील. प्रोसेसर सॉकेटमध्ये आपल्या वजनानं अलगद बसला, विंडोज सुरू झालं, ३२ जीबी दिसली. मी पेन्सिल कॅबिनेटवर ठेवली आणि विषय मिटला असं समजलो.

शुक्रवारी हे झालं. रविवार दुपारपासून क्रॅश सुरू. कधी तासाभरानं, कधी दहा मिनिटांत. दर वेळी निळ्या स्क्रीनवर वेगळंच कारण: एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट. कधी तर नुसताच रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ ची लाल रांग. त्या ४१ ला बघून लोक पॉवर सप्लाय बदलतात. खरं तर ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता चालू झालं. मेल्यावर डेथ सर्टिफिकेट मिळावं तसं, रोगाचं नाव त्यात नाही.

मी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्यानं टाकलं, तापमान पाहिलं (सत्तरच्या वर जात नव्हतं), अर्थिंग तपासून घेतलं. पण हे सगळं वरवरचं. मनात एकच, ती पिन. एवढे पैसे घातले आणि बोटांतून सांडले. त्या नादात मी दोनदा कूलर काढला, पेस्ट पुसली, भिंग लावून पिना पाहिल्या, परत बसवलं. पिना सरळच.

बुवा गेले त्या रात्री बायको हिशेबाची वही घेऊन बसली होती. मंडळाचा ॲडव्हान्स परत द्यायचा का, हा प्रश्न होता. ती म्हणाली, "शनिवारी तर तू दिवसभर मिक्सिंग करत होतास की. तेव्हा बरा चालला?"

चाललाच होता. तिला पिनेचं ठाऊक नव्हतं, म्हणून तिला तारखा दिसल्या.

बायोस अपडेट केलं की जुनी सेटिंग पुसली जातात. रॅम आपली २१३३ च्या वेगावर आली होती. रविवारी सकाळी टास्क मॅनेजरमध्ये ते दिसलं, पैसे ३२०० चे दिलेत म्हणून बायोसमध्ये जाऊन मी एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगानं पळवणारं सेटिंग, चालू केलं. आणि दुपारी पहिला क्रॅश.

पेनड्राइव्हवर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ टाकून मशीन त्यावरून सुरू केलं. चारही कांड्या, ३२००: दुसऱ्या पासमध्ये, म्हणजे फेरीत, चुकांच्या लाल ओळी. फक्त जुनी जोडी, ३२००: स्वच्छ. फक्त नवी जोडी: तीही स्वच्छ. यात दोन रात्री गेल्या. चौघीही निर्दोष, एकत्र नांदवल्या की भांडण. आमच्या गल्लीत अशी दोन घरं आहेत.

दुकानदार म्हणाला होता, "सेमच आहे, डोळे झाकून लावा." खोक्यावरचा नंबरही सेम. पण सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या एसपीडी पानावर, जिथं कांडीची माहिती दिसते, पाहिलं तर जुन्या कांड्या ड्युअल रँक, म्हणजे चिपांचे दोन संच असलेल्या, नव्या सिंगल. कंपन्या तेच नाव ठेवून आतल्या चिप बदलतात, वरच्या पत्र्याखाली दिसत नाही. शिवाय ३२०० हा आकडा एएमडीनं दोन कांड्यांसाठी सांगितलाय. चार लावल्या की सिंगल रँकला २९३३, ड्युअलला २६६७. त्यावर चाललं तर नशीब, तक्रारीला जागा नाही. एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त पळवणं, आपण त्याला सेटिंग म्हणतो एवढंच.

मी २६६७ वर आणलं. रात्रभर चार पास, एकही लाल ओळ नाही. रेकॉर्डिंगच्या रीपर सॉफ्टवेअरमध्ये तोच प्रोजेक्ट, तेवढेच ट्रॅक, मला काडीचा फरक ऐकू आला नाही. आणि ती पिन? मेमरीच्या चॅनेलची, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या वाटेची, पिन तुटली असती तर ३२ ऐवजी १६ च दिसण्याची शक्यता होती. पहिल्या दिवसापासून ३२ दिसत होती. समोर होतं, बघितलं नाही.

रविवारी मंडळ परत आलं. चार अभंग झाले, मशीन हललं नाही. जाताना बुवांनी कॅबिनेटकडे बघून विचारलं, "काढली व्हय दृष्ट?" मी हो म्हटलं.

लेक मागे उभी होती. तिनं कॅबिनेटवर हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, माझी पेन्सिल इथं आहे? यात शिसं का नाहीये?"

बायकोनं वहीतून मान वर केली.