उन्हाळ्याच्या तोंडावर बदकाची अंडी: नागपुरातली तापमानाची नोंद

मार्च लागताच खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची अंडी उबवायच्या मशीनमध्ये बसवली. 28 दिवस धरले तर पिल्लं महिनाअखेरीस निघणार, म्हणजे नेमका आपला पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा. थंड मुलखातल्या लोकांना ऊब टिकवण्याची चिंता. आपली गोष्ट उलटी: मशीन तापवतं, गार करू शकत नाही. खोलीच 38 झाली तर थर्मोस्टॅट काय करणार? बल्ब बंद करून गप्प बसणार.

पेटी थर्माकोलची, आत कॉम्प्युटरचा पंखा, कमी वॅटचे दोन बल्ब आणि सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला डब्ल्यू-1209 थर्मोस्टॅट. पंखा अखंड चालतो, म्हणून 37.5 अंश. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा जास्त तापते, तिथे अंड्यांच्या माथ्याशी 38.3 ते 38.9 धरतात. दुसऱ्याचा आकडा उचलण्याआधी त्याच्या पेटीत पंखा आहे का, ते विचारा. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, अंड्यांच्या उंचीवर, बल्बपासून आडोशाला. बसवण्याआधी प्रोब आणि तापाचा डिजिटल थर्मामीटर एकाच कोमट पाण्यात धरून ताडून पाहिले. प्रोब 0.6 अंश जास्त दाखवत होता, तो फरक थर्मोस्टॅटच्या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये वजा केला.

या वेळी नवीन काय, तर दुसरा थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटमधल्या रिलेचे, म्हणजे बल्ब चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, संपर्क कधीकधी चिकटतात, मग बल्ब विझतच नाही. म्हणून बल्बच्या लाईनमध्ये एकापुढे एक असे दोन थर्मोस्टॅट, दोघांचे प्रोब वेगळे, दुसरा 38.5 ला पुरवठा तोडतो. खर्च फार नाही, पण रात्री झोप लागते. गारव्यापेक्षा उष्णता घातक असते. पेटी दोन-तीन तास 32-33 वर आली तर पिल्लू उशिरा निघेल इतकंच. 40 च्या वर मात्र थोडा वेळही भारी पडतो. बल्बाभोवती जाळी लावली आहे, तो थर्माकोलला टेकता कामा नये. अर्थिंग, फ्यूज आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. पाण्याची थाळी आणि 230 व्होल्ट एकाच पेटीत आहेत, इथे काटकसर नको.

सातव्या दिवशी टॉर्चवर लाल शिरांचं जाळं दिसलं. काही अंडी कोरी निघाली, ती काढली. दुसरा आठवडा निवांत गेला.

तिसऱ्या आठवड्यात खरी मजा. एक तर बाहेर ऊन चढलं, दुसरं म्हणजे वाढत्या भ्रूणांची स्वतःची उष्णता. दुपारी बल्ब बंद असूनही डिस्प्लेवर 38.1. पेटी वरच्या मजल्यावरून तळमजल्याच्या मधल्या खोलीत आणली. जाड भिंती, पश्चिमेचं ऊन नाही. झाकणावरची भोकं पूर्ण उघडली. कूलर त्याच खोलीत, पण हवा पेटीवर थेट येऊ दिली नाही.

कूलर लावला की ओलाव्याचं गणित बदलतं, हे लक्षात ठेवा. आपली मार्चची हवा कोरडी, एरवी थाळी भरत राहावी लागते. कूलर सुरू झाल्यावर मी थाळी काढूनच टाकली. पिल्लू कवच फोडायच्या वेळेपर्यंत अंड्याचं वजन साधारण 13-14 टक्के घटायला हवं. ते मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तपासतो; ओलावा मोजणाऱ्या हायग्रोमीटरपेक्षा माझा त्यावरच जास्त भरवसा.

रोजचा गारवाही इथे वेगळा द्यावा लागतो. बदकीण दिवसातून एकदा उठते, ओल्या अंगाने परत येऊन बसते. म्हणून आठव्या दिवसानंतर अंडी रोज 15-20 मिनिटं उघडी ठेवून कोमट पाणी फवारायची पद्धत आहे. पण 36 अंशांच्या खोलीत अंडं नुसतं उघडं ठेवून कितीसं गार होणार? काम करतं ते पाणी उडून जाणं, खसच्या ताट्यांचंच तत्त्व. मी हे भल्या पहाटे उरकतो.

लाइट गेली तर काय? पहिल्या आठवड्यात पेटीवर गोधडी. शेवटच्या आठवड्यात दुपारी उलट, झाकण किलकिलं करायचं. पंखा थांबला की भ्रूणांची उष्णता आतच कोंडते. पंखा आता छोट्या बॅटरीवर घेतला आहे, बल्ब नाही.

25 व्या दिवशी अंडी फिरवणं आणि फवारा बंद, तापमान 37.2, ओलावा 70 टक्क्यांच्या पुढे, म्हणून थाळी परत आत. कवचाला पहिला तडा गेल्यावर पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवस लागू शकतात. आमच्या आजीचा खुडूक कोंबडीवर जास्त विश्वास, ती रोज विचारायची, “निघाले का बे तुझे पिल्लं?” बरीचशी निघाली.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 अंशांच्या आसपास ऊब लागते. सध्या दुपारी खोलीच तेवढी असते, त्यामुळे ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांच्या उबदार खोक्याचा, बल्ब फक्त रात्री. चोच उघडून धापा टाकताना दिसली की जाळी मोकळी करून सावलीची बाजू वाढवतो. मस्कव्ही जातीच्या बदकांची अंडी 35 दिवस घेतात. ती बसवायची तर इथे जानेवारी संपायच्या आतच बसवा.