पंधरा किलोमीटरची वारी

यंदा आषाढीला गुडघ्याने दगा दिला. अकरा वर्षं न चुकता गोव्यातल्या डिचोलीहून पंढरपूरला चालत गेलो, आणि बाराव्या वर्षी दिंडी निघाली तेव्हा मी दारात बसून टाळांचा आवाज लांब जाताना ऐकत होतो. पावसाळा सरल्यावर डॉक्टर म्हणाले, चाला, पण दिवसाला पंधरा किलोमीटरच्या वर नाही. म्हटलं ठीक आहे, पंधरात बसणारी वारी शोधू.

माणसं देवाकडे चालत जातात. आमच्या भागातला एक देव मात्र स्वतःच नदी ओलांडून आलेला. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगिजांनी 1560 च्या सुमारास पाडलं, आणि भाविकांनी लिंग पलीकडे, तेव्हाच्या आदिलशाही मुलखात, नार्व्याला आणलं. देव ज्या वाटेने आला ती उलटी चालून बघायची असं ठरवलं.

पहाटे साडेपाचला निघालो. मये ओलांडेपर्यंत धुकं होतं, मग खाणीच्या रस्त्याची लाल धूळ. नार्व्याला देऊळ नुकतंच उघडलेलं. 2023 मध्ये जीर्णोद्धार झाल्यापासून ते फार नीटनेटकं दिसतं. मला जुनी शेवाळलेली भिंतच जास्त आवडायची, पण गळक्या छपराखाली बसणाऱ्या देवाला कोणी विचारलं असतं तर त्याचं मत वेगळं पडलं असतं. दारावर शिवाजीमहाराजांनी बांधकाम सुरू केल्याचा 1668 चा शिलालेख आहे. धारालिंगाला हात जोडले आणि म्हटलं, तुझ्या जुन्या घरी जाऊन येतो.

धक्क्यावर पोचतो तर फेरीबोट पाण्यात. पुढची अर्ध्या तासाने म्हणे, प्रत्यक्षात पाऊण तास लागला. तोवर एका पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलवरून गरम उंडे घेऊन खाल्ले. मांडवी तिथे काही मोठी नाही. बोटीत चढून पाठपिशवी खाली ठेवेपर्यंत पलीकडचा धक्का येतो. एवढ्याशा पाण्याने त्या काळी राज्य बदलत होतं.

पलीकडच्या गावाचं नावही नार्वेच. थोडं आत गेलं की झाडीत कोटितीर्थ लागतं. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, कडेने रिकामे कोनाडे, तळाशी हिरवं पाणी. ज्या देवाचा वरप्रसाद मिळाला असं कदंब राजे आपल्या नाण्यांवर कोरत, त्याची ही जागा. मी उभा होतो तेव्हा एक पाणकोंबडी तेवढी हलली. सांगण्यासारखं आणखी काही झालं नाही.

तिथून पिएदादची टेकडी गाठायची. दोन्ही बाजूंना खाजनं, म्हणजे बांध घातलेली खाडीकाठची शेतं, कापणी संपत आलेली, मानशीच्या, बांधातल्या झडपेच्या, दारातून भरतीचं पाणी आत शिरतंय. नेमका बांधावर डाव्या चपलेचा अंगठा तुटला. वारकऱ्याने अनवाणी चालण्याची तक्रार करू नये, पण खडी ती खडीच. चढ चढून चर्चपाशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

पांढरंशुभ्र चर्च, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. समोर नदी, आणि पलीकडे झाडांतून वर आलेलं जुनं गोवं. सेंट ऑगस्टीनचा एकटा मनोरा, आणि से कॅथेड्रल एका बुरुजाचं, कारण दुसरा 1776 मध्ये कोसळला. पण मला पाहायची होती ती बाजूची सिमितेर, चर्चची दफनभूमी. तिथे कदंबकालीन देवळाचा एक तुकडा कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, होऊन उरला आहे.

आत शिरलो आणि चकित झालो. आंब्याच्या आणि खुरचाफ्याच्या सावलीत माणसंच माणसं. मग आठवलं, आज 2 नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस. तारीख मी बघितलीच नव्हती. लोक कबरी झाडत होते, झेंडूच्या माळा घालत होते. एक म्हातारी स्वयंपाकघरातल्या चमच्याने क्रुसाच्या पायथ्याचं गेल्या वर्षीचं मेण खरवडत होती, कढईच्या बुडाची खरपुडी काढावी तसं.

मी कपेलात गेलो. दगडी जाळीवर हात ठेवला. भोकांच्या कडा बोटांना गुळगुळीत लागल्या. वर छताचं नक्षीकाम. हे देऊळ आपोआप पडलेलं नाही, हे मला ठाऊक आहे, आणि ते गोड करून सांगण्याची माझी इच्छा नाही. घरून निघताना वाटलं होतं, इथे आल्यावर राग येईल. आला नाही. बाहेर चमच्याचा खर्र खर्र आवाज चालू होता आणि माझं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

बाहेर आलो तसं म्हातारीने माझ्या पायांकडे पाहिलं.

"खंयच्यान आयलो रे बाबा?"

"दिवचलेच्यान, चलून."

"चलून? आंगवण केल्ली?"

आंगवण. माझी आजी हाच शब्द वापरायची, नवसासाठी. मी हो म्हटलं. नार्व्याहून काय, पंढरपूर काय, गुडघा काय, कुठून सुरू करणार?

तिने पिशवीतून एक मेणबत्ती काढून दिली आणि कोपऱ्यातल्या कबरीकडे बोट केलं. घरची सगळी पोर्तुगालला आणि लंडनला, येणारं कोणी नाही. वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा तळहाताचा आडोसा धरला तेव्हा पेटली. खिशात बुक्क्याची पुडी होती. क्षणभर हात तिकडे गेला, मग राहू दिली.

परत वळलो तर तिने झेंडूच्या माळेतला उरलेला दोरा दाताने तोडला, माझी चप्पल मागून घेतली आणि अंगठा तीन गाठींनी बांधून दिला.

"फेरीमेरेन पावतलो," ती म्हणाली. फेरीपर्यंत पोचेल.

पावला. डिचोलीच्या बसस्टँडवर उतरताना तुटला.