अठराव्या मजल्यावरून जिन्याने

आमचे आजोबा लांज्याहून येऊन लोअर परळच्या गिरणीत लागले होते. १९८२चा संप झाला आणि ते गावी परतले. गिरण्यांच्या त्याच पट्ट्यात आता टॉवर आहेत. त्यांतल्या एकात, अठराव्या मजल्यावर, मी नोकरी करते.

गेल्या जुलैत भरदुपारी बाराव्या मजल्यावर विजेच्या डक्टमध्ये केबल जळाली. डक्ट खालपासून वरपर्यंत सरळ, त्यामुळे काही मिनिटांत आमच्याकडे वास आला आणि भोंगा वाजला. निम्मे लोक लिफ्टकडे धावले. रक्षकाने अडवलं म्हणून बरं. लिफ्ट नेमकी जळत्या मजल्यावर उघडू शकते.

पँट्रीतल्या मावशी आमच्याच तालुक्यातल्या. त्यांचं गुडघ्यांचं दुखणं जुनं. “बाय, तू हो पुढं, माझे गुडघे वाकत नाय,” म्हणाल्या. त्यांना कठडा धरायला लावून मी एक पायरी खाली राहून उतरू लागले. सतराव्यापर्यंत हवा स्वच्छ होती. सोळाव्यावर जुन्या फायलींची खोकी रचलेली, आणि जिन्याचं अग्निरोधक दार उघडं राहावं म्हणून एक खोकं मध्ये सारलेलं! ते दार बंद असेल तरच जिना धुरापासून वाचतो. धूर तिथूनच आत येत होता. मला आलेला संताप अजून गेलेला नाही. खोकं लाथेने सारलं, दार लागलं.

पंधराव्यावर रिफ्यूज एरिया होता. उंच इमारतीत ठरावीक उंचीनंतर आणि पुढे ठरावीक अंतराने बाहेरच्या भिंतीलगत अशी मोकळी जागा ठेवायची असते, उतरू न शकणाऱ्यांसाठी. दोन वर्षांत मी तिथे पाऊलही टाकलं नव्हतं. दाराला कुलूप असतं तर? नव्हतं. पावसाच्या झडीत मावशींना भिंतीशी बसवलं, १०१ला फोन लावला आणि सांगितलं: पंधरावा मजला, दोघी, एकीला चालवत नाही. धूर निवळल्यावर जवानांनी त्यांना खुर्चीवरून खाली नेलं.

दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापनाला पत्र दिलं. आग प्रतिबंधाच्या २००६च्या राज्य कायद्याप्रमाणे आगीपासून बचावाची यंत्रणा ठीक असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. त्याची प्रत मागितली. ती मिळायला तीन पत्रं लागली. खोकी मात्र आठवड्याच्या आत हलली.

आता दर सोमवारी चहा आटोपला की मावशी आणि मी पंधराव्यावर जाऊन त्या दाराची कडी उघडून बघतो.