जर्मनीतलं एक्सचेंज सेमिस्टर: ठाणे-नवी मुंबईच्या मुलांनी पैशाचा टप्पा आधी वाचावा

कॉलेजच्या माहितीसत्रात आम्हाला सांगितलं, "एक्सचेंज आहे, म्हणजे सगळं फुकट." हे खरं नाही. दोन विद्यापीठांत करार असला की तिकडची ट्यूशन फी माफ होते, एवढंच. आणि जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ती तशीही नसते. विमान, खोली, आरोग्यविमा, सेमिस्टरची वर्गणी, जेवणखाण सगळं आपल्या खिशातून. शिवाय इथल्या कॉलेजची फी नेहमीसारखी भरायचीच. मी ऐरोलीहून माग्डेबुर्गला गेले, हिवाळी सेमिस्टर केलं आणि नुकतीच परत आले. झोप अजून ताळ्यावर नाही, पण आत्ताच लिहितेय, कारण पुढच्या बॅचची नावं लवकरच जातील आणि त्यांनाही हेच ऐकवलं जाईल.

पासपोर्ट आहे, मार्क बरे आहेत, इंग्रजीचं प्रमाणपत्र आहे आणि स्वतःचं जेवण स्वतः करता येतं, असं धरून चालते.

आधी एजंटांचं. नौपाड्यातल्या एका कन्सल्टन्सीने एक्सचेंजसाठी साठ हजारांचं पॅकेज सांगितलं. माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांनी ते भरलं. तिला मिळाला तोच व्हिसा मलाही मिळाला, तोही जवळपास त्याच सुमारास. एक्सचेंजमध्ये तुमचं नाव तुमचं कॉलेज पाठवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. त्यात एजंटला शिरायला जागाच नाही. पॅकेजमध्ये मार्कशीटचं ॲपोस्टील, म्हणजे परदेशात दाखवण्यासाठी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, होतं. परराष्ट्र मंत्रालयाची त्याची फी कागदामागे ५० रुपये आहे, आणि आमच्या यजमान विद्यापीठाने ते मागितलंच नव्हतं. त्यांना रंगीत स्कॅन पुरले. व्हिसाची फी ७५ युरो. अर्ज केंद्रात प्रीमियम लाउंज, एसएमएस, फोटो, झेरॉक्स असं बरंच पुढे केलं जातं, ते सगळं ऐच्छिक असतं. सरळ "नको" म्हणा. झेरॉक्स स्टेशनबाहेर काढा. एक्सचेंजसाठी एजंट करू नका, एवढंच माझं मत.

आता खरा खडतर टप्पा, ब्लॉक्ड अकाउंट. स्कॉलरशिप किंवा जर्मनीत हमी देणारं कोणी नसेल तर राहण्याखाण्याचे पैसे आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून दर महिना ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४. सहा महिन्यांचे ५,९५२ होतात, म्हणजे युरो शंभराच्या आसपास धरला तर सहा लाख रुपये.

हे पैसे पाठवायला बाबा आणि मी ऐरोलीतल्या आमच्या बँकेत बसलो. परदेशात पैसे पाठवायच्या ए-टू फॉर्ममध्ये तिथल्या बँकांचे चार्जेस कोणी भरायचे याचा एक छोटा चौकोन असतो. काउंटरवर तो आमच्या वतीने "शेअर्ड" असा भरला जात होता. तसं झालं की मधल्या बँका वाटेत आपले युरो कापतात, रक्कम थोडी कमी पोचते आणि खात्यात पूर्ण रक्कम आल्याचं पत्र मिळत नाही. ते पत्र नाही तर व्हिसाची फाइल अडकते. तिथे "अवर", म्हणजे सगळे चार्जेस आपणच भरणार, असं लिहून घ्या, वर थोडे युरो जास्त पाठवा. जास्तीचे परत मिळतात. आणि दर विचारा. बाजारभावापेक्षा युरोमागे दोन रुपये जास्त लावले तरी सहा हजार युरोंवर बारा हजार रुपये जातात. या पैशाची वेगळी पावती कुठेच येत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. शाखेच्या फॉरेक्स अधिकाऱ्याशी बोलून दर कमी करून घेता येतो, आम्ही घेतला. त्याआधी दोन-तीन बँकांचा त्याच दिवसाचा दर लिहून न्या.

माहितीसत्रात असंही सांगितलं होतं की तिकडे पोचलात की पैसे हातात. अजिबात नाही. बंद खात्यातून दरमहा पैसे सुटतात ते तुमच्या तिथल्या चालू खात्यात. माझ्या बँकेला चालू खात्यासाठी पत्त्याची नोंदणी हवी होती. नोंदणीला महापालिकेच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट आणि घरमालकाच्या सहीचं पत्र हवं. नियमाने राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते, पण अपॉइंटमेंटच त्यापुढची मिळते. या साखळीत महिना सहज जातो. नावावर जवळपास सहा हजार युरो असताना मी बेकरीच्या काउंटरवर ब्रेडसाठी नाणी मोजत होते, मागे रांग उभी होती. हे कोणावरही येऊ नये असं मनापासून वाटतं. फॉरेक्स कार्डवर, म्हणजे इथूनच युरो भरून नेता येणाऱ्या कार्डवर, पहिलं भाडं, डिपॉझिट, सेमिस्टरची वर्गणी आणि सहा आठवड्यांचा खर्च, असे वेगळे पैसे न्याच. अपॉइंटमेंट इथूनच ऑनलाइन घ्या. आणि शनिवारी संध्याकाळी पोचेल असं तिकीट काढू नका. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनवर काय मिळेल तेवढंच.

खोलीसाठी स्टुडंट हॉस्टेलला नॉमिनेशनच्याच दिवशी अर्ज करा. खाजगी घराचं डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. खोली न दाखवता आधी पैसे मागणाऱ्याला एक युरोही देऊ नका.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. तिकडे हिवाळी सेमिस्टरचे तास ऑक्टोबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, परीक्षा त्यानंतर. आपलं पुढचं सेमिस्टर तोवर कधीच सुरू झालेलं असतं. हजेरीची सूट आणि कोणत्या विषयाच्या जागी कोणता विषय धरणार, हे दोन्ही जाण्याआधी लेखी घ्या, एचओडींची सही आणि कॉलेजचा शिक्का घेऊन. तोंडी "बघू नंतर" चालणार नाही. पूर्ण सेमिस्टर ३० युरोपियन क्रेडिटचं (विषयाला लागणारा अभ्यास मोजायचं एकक) धरतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने विषय थोडे कमी घ्यावेत.

बाकीचे महिने चांगले गेले. कॅन्टीन स्वस्त, प्राध्यापक वेळेवर, एल्बे नदीकाठी सायकल. त्यासाठी कोणाच्या सल्ल्याची गरज नाही.

तुमच्या कॉलेजचा करारच नसेल तर विज्ञान-इंजिनीअरिंगवाल्यांनी डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची वाइज ही इंटर्नशिप योजना बघावी, त्यात जर्मन प्राध्यापकाचं निमंत्रण आधी मिळवावं लागतं. कॅनडासाठी मिटॅक्स ग्लोबलिंक, बारा आठवड्यांचं संशोधन. मास्टर्सला जायचं असेल तर युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडस योजना सर्वांत उत्तम, स्कॉलरशिप महिन्याला १,४०० युरो आणि देशही एकापेक्षा जास्त. एक सेमिस्टर स्वतःच्या पैशाने करण्यापेक्षा त्याची तयारी केलेली बरी, असं मला आता ठामपणे वाटतं.

निघताना पत्त्याची नोंदणी रद्द करा, पण बँक खातं डिपॉझिट परत येईपर्यंत चालू ठेवा. मार्कांचं ट्रान्सक्रिप्ट परीक्षेनंतर बऱ्याच आठवड्यांनी ई-मेलने येतं आणि इथल्या परीक्षा विभागाला सही-शिक्क्याची मूळ प्रतच लागते. तेव्हा घरचा पत्ता पिनकोडसकट तिथल्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला देऊन, कागदी प्रत कुरिअरने पाठवा असं लेखी सांगून मगच विमानात बसा.